सुयांवरील विणकामात दोन रंग

वाचकहो, गेल्या खेपेस आम्ही सुलट व उलट ह्या दोन टाक्यांविषयी लिहिले होते. आज दुसरा रंग कसा घालावा ते सांगावयाचे आहे. परंतु पाठास आरंभ करण्यापूर्वी एक घडलेली हकीकत सांगतो, कारण पाठाचे सारे सार तिच्यात आहे.

दसऱ्यास आठ दिवस होते. परळी वैजनाथ येथे आमच्या ओसरीवर एक भगिनी आपल्या सहा वर्षांच्या मुलास घेऊन आल्या. काखेत कागदात गुंडाळलेला नवा स्वेटर होता. गर्द निळ्या लोकरीवर पिवळ्या चांदण्यांच्या ओळी अगदी गळ्यापर्यंत घातलेल्या. पुढून पाहता काम इतके नेटके की, आम्ही प्रथम वाहवाच केली. तेव्हा त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, लेकराचं डोस्कंच जात न्हाई ह्याच्यात. आन कोंबून घातला तर हात वर व्हईनात." आम्ही स्वेटर उलटा केला. मागच्या बाजूस पिवळा धागा एका चांदणीपासून दुसरीपर्यंत एकतारीच्या तारेसारखा ताणलेला होता. दोन्ही हातांनी कापड ओढून पाहिले. ते तसूभरही हलेना.

ह्या भगिनींचे घर ऊसतोडीस जाणारे. आमच्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडावर जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पौषातल्या पहाटे दहिवराने भिजलेल्या उसात आईबाप उतरतात, आणि लेकरू पाचटाच्या कोपीपाशी बसून राहते. त्या लेकराच्या अंगावरचा स्वेटर म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. म्हणून दोन रंग घालणाऱ्या प्रत्येक भगिनीने ओळ संपली की काम उलटून मागची बाजू पाहावी. पुढची बाजू डोळ्यांस दिसते, पण अंगास लागते ती मागची.

आता चूक कोठे झाली ते पाहू. बाईंनी हिशेब बरोबर केला होता. एका रंगाच्या साध्या विणीत त्यांचे इंचास ७ टाके बसत होते. छाती २४ इंच हवी, म्हणून पुढची व पाठीची बाजू मिळून १६८ टाके घातले. परंतु दुसरा धागा मागून ताणून नेल्यामुळे टाके एकमेकांजवळ ओढले गेले, व इंचास ८ बसू लागले. १६८ टाक्यांचे २१ इंच झाले. तीन इंच कोठे गेले? मागच्या धाग्याने खाल्ले. ह्यावरून पहिला नियम असा की, दोन रंगांचे काम करावयाचे असल्यास नमुन्याचा तुकडा दोन रंगांतच विणावा, चार इंचांहून लहान नसावा, आणि तो भिजवून, सपाट वाळवून मगच मोजावा. एका रंगाच्या तुकड्यावरून दोन रंगांचा हिशेब करू नये. बहुतेकांस रंगाच्या पट्ट्यापुरती एक नंबर जाड सुई घ्यावी लागते. म्हणजे दहा नंबरच्या सुयांवर काम चालू असेल तर तेथे नऊ नंबरच्या घ्याव्या. (आमच्याकडे मिळणाऱ्या सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे, ह्यात पुष्कळांची फसगत होते.)

एकाच ओळीत दोन रंग आणण्याचे मार्ग मुळात दोन आहेत, आणि ते परदेशातून शिकून यावे लागतील असे नाही. आमच्या मराठवाड्यात मागावर ते दोन्ही पूर्वापार चालत आले आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील हिमरू कोणी पाहिला असेल. सुती ताण्यावर नक्षीचा जादा धागा जेथे फूल हवे तेथे वर येतो, आणि जेथे नको तेथे कापडाच्या पाठीमागून मोकळा जातो. हिमरू उलटून पाहा : मागे धाग्यांचा एक मऊ थर लागलेला दिसेल. हा पहिला मार्ग. आता गोदावरीच्या काठी पैठणास चला. खऱ्या पैठणीच्या पदरावरील मोर किंवा पोपट उलटून पाहिला तर मागेही तोच मोर, तोच पोपट. असे कसे होते? विणकर प्रत्येक रंगाची निराळी लहान कांडी ठेवतो. हिरवा धागा पोपटाच्या कडेपर्यंत जातो, तेथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे फिरतो. तो पाठीमागून पुढे प्रवास करीतच नाही. हा दुसरा मार्ग. कापड विणणे आणि सुयांवर विणणे ह्यांत फार अंतर आहे, तथापि रंगाच्या बाबतीत प्रश्न एकच : धागा मागून न्यावयाचा, की जागीच ठेवून शेजाऱ्याशी गुंतवावयाचा?

हिमरूची रीत सुयांवर फार जुनी आहे. इजिप्त देशात सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे अकराव्या ते चौदाव्या शतकांमधले समजले जातात, आणि त्यांत दुसरा रंग असाच मागून नेलेला आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात फेअर आइल नावाचे लहानसे बेट आहे. तेथील बायकांच्या हातचा असा रंगीत स्वेटर इंग्लंडच्या युवराजाने १९२२ साली घातला, तेव्हापासून ह्या कामाची कीर्ती दूरवर पसरली. तेथील चाल अशी की, स्वेटरभर कितीही रंग असोत, एका ओळीत सहसा दोनच घ्यावयाचे. ही चाल आमच्या भगिनींनी अवश्य उचलावी. तिसरा रंग आला की मागे तीन थर होतात, गुंडे एकमेकांत अडकतात, आणि काम गाठोड्यासारखे जड होते.

आमची विणकामाची गोष्ट ऐकून काही वडीलमंडळी हसतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पाळकाने सुया हाती का घ्याव्या? दक्षिण अमेरिकेत पेरू देशातील टाकिले बेटावर रंगीत टोप्या पुरुषच विणतात, व त्यांच्या ह्या कलेस युनेस्कोने २००५ साली मान दिला आहे. असो.

मागून धागा नेण्याच्या कामात मुख्य सांभाळ धाग्याच्या लांबीचा. रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरील विणलेले टाके बोटाने पसरावे, कापड जेवढे रुंद होणार तेवढे होऊ द्यावे, आणि मग दुसरा धागा त्यांच्या मागून आणावा. तो ताणलेला नसावा, लोंबणारा फासही नसावा; खाटेच्या सैलसर नवारीप्रमाणे नुसता टेकलेला असावा. चार किंवा पाच टाक्यांहून अधिक अंतर एका झेपेत ओलांडू नये. अधिक ओलांडावयाचे असल्यास मधल्या एका टाक्यापाशी मागचा धागा विणण्याच्या धाग्याखाली एकदा अडकवून पुढे जावे; परंतु प्रत्येक ओळीत हा अडकवा त्याच टाक्यावर घेऊ नये, नाही तर पुढून उभी रेघ दिसते. लहान मुलांच्या स्वेटरात तर हे फारच पाहावे. बाहीत हात घालताना मुलाची बोटे लांब धाग्यात अडकतात. मूल रडते, आई हात ओढते, आणि धागा तुटतो. हातमोज्यांत व मोज्यांत तीन टाक्यांहून लांब धागा आम्ही ठेवीत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. दोन धाग्यांपैकी एक नेहमी वरून व दुसरा नेहमी खालून आणावा. मध्येच अदलाबदल करू नये. खालून येणाऱ्या धाग्यास किंचित अधिक वाट चालावी लागते, म्हणून त्याचे टाके थोडे मोठे होतात व तोच रंग उठून दिसतो. तेव्हा जमीन निळी व चांदणी पिवळी असेल तर पिवळा खालून घ्यावा. ज्यांनी अर्धा स्वेटर एका रीतीने व अर्धा दुसऱ्या रीतीने विणला, त्यांच्या चांदण्या खाली ठळक व वर फिक्या दिसतात, आणि दोष मात्र लोकरीस दिला जातो.

ह्या कामाचा मोठा लाभ म्हणजे ऊब. मागचे धागे दुसरा थर होऊन बसतात, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या लोकरीचा स्वेटर एकरंगी स्वेटराहून उबदार होतो. पण ह्याच कारणाने तो कमी ताणतो. म्हणून गळ्याच्या पट्टीत, मनगटात व कमरेच्या एक-सुलट-एक-उलट पट्टीत दुसरा रंग मागून नेऊ नये. आमच्या भगिनींनी चांदण्या गळ्यापर्यंत नेल्या, तेथेच मुलाचे डोके अडले.

पैठणीच्या रीतीविषयी थोडेच सांगतो, कारण खेड्यात तिचा उपयोग क्वचित. स्वेटरच्या मधोमध एकच मोठा पोपट किंवा फूल हवे असेल, तर धागा सबंध ओळभर मागून नेणे व्यर्थ आहे. तेव्हा जमिनीसाठी डावीकडे एक गुंडा, उजवीकडे एक, आणि मधल्या चित्रासाठी हातभर धाग्याची लहान गुंडी, असे निरनिराळे घ्यावे. कडेवर आल्यावर जुना धागा डावीकडे टाकून नवा धागा त्याच्या खालून उचलावा, म्हणजे दोहोंची आढी पडते. ही आढी विसरली की तेथे उभी फट राहते, व त्या फटीतून वारा आत येतो. लहान गुंडीस किती धागा लागेल हे जाणण्यासाठी त्या रंगाचे टाके मोजावे, तितके वेढे सुईभोवती घालावे, आणि दोन्ही टोकांस वीतभर अधिक धरावा.

चित्र काढण्यास शाळेतल्या गणिताच्या वहीचा चौकड्यांचा कागद चालतो; एक चौकट म्हणजे एक टाका. खालून वर वाचावे; सुलट ओळ उजवीकडून डावीकडे, उलट ओळ डावीकडून उजवीकडे. मात्र टाका चौरस नसतो. तो रुंदीला अधिक व उंचीला कमी असतो. इंचास ७ टाके बसत असतील तर ओळी सुमारे ९ बसतात. म्हणून १४ चौकटी रुंद व १४ उंच काढलेला पोपट कापडावर दोन इंच रुंद, पण उंचीस दीड इंचाहून थोडाच अधिक होतो. आमचा पहिला पोपट ह्याच कारणाने अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा झाला होता, व घरात अजून त्याची आठवण काढली जाते. १८ ओळी उंच काढला असता तर तो पोपटच राहता.

परंतु उपदेशकांनो, आपल्या गावच्या वर्गात आरंभ ह्या दोहोंपैकी एकानेही करू नका. आरंभ करावा तो अशा वीणीने की, जीत प्रत्येक ओळीत एकच धागा हाती असतो आणि तरी दोन रंगांच्या चौकड्या उमटतात. गुपित एवढेच की, काही टाके न विणता नुसते उजव्या सुईवर उचलून घ्यावयाचे. गडद रंगाने विषम टाके घालावे, व दोन ओळी साध्या विणाव्या, एक सुलट, एक उलट. मग फिका रंग घ्यावा. एक टाका सुलट विणावा, एक न विणता उचलावा, पुन्हा एक सुलट, एक उचललेला, असे करीत शेवटी एक सुलट. परतताना फिके टाके उलट विणावे, गडद टाके पुन्हा नुसते उचलावे. धागा नेहमी कापडाच्या उलट बाजूस राहावा. सुलट ओळीत तो कामाच्या मागे, परतताना आपल्या बाजूस. नंतर गडद रंगाने दोन सबंध ओळी. पुढे पुन्हा फिका घेऊन आरंभी दोन टाके सुलट, मग एक उचललेला, एक सुलट, असे करीत शेवटी दोन सुलट यावेत. परतीची ओळ पूर्वीप्रमाणे. त्यानंतर गडद रंगाच्या दोन ओळी, आणि पुन्हा पहिल्यापासून. उचललेले टाके खालच्या रंगास वर ओढून आणतात, व विटांच्या भिंतीसारखी नक्षी पडते. मागे एका टाक्याहून लांब धागा कोठेच राहत नाही. कापड उंचीस थोडे आखडते, तेव्हा ओळी अधिक विणाव्या लागतील. लहान मुलाच्या टोपीस ह्यापरती सोपी व सुरक्षित वीण आम्हांस ठाऊक नाही.

साध्या पट्ट्यांविषयी दोनच शब्द. पट्टा दोन, चार किंवा सहा ओळींचा ठेवावा, म्हणजे गुंडा त्याच कडेस परत येतो व धागा तोडावा लागत नाही. आणि नव्या रंगाची पहिली ओळ सुलट बाजूने सबंध सुलट विणावी, मग ती एक-सुलट-एक-उलट पट्टीत असली तरी. उलट टाक्यावर रंग बदलला तर जुन्या रंगाचे ठिपके वर दिसतात.

रंग कोणते निवडावे? ह्या बाबतीत आमच्या भगिनी लाल-हिरव्यावर फार भाळतात. दिवसा ते रंग निराळे दिसतात खरे. पण दोन्ही सारखेच गडद असतील तर संध्याकाळी दिव्याच्या उजेडात नक्षी नाहीशी होते. दोन गुंडे शेजारी ठेवून डोळे अर्धे मिटून पाहावे. हल्ली मोबाइल बहुतेक घरी असतो. त्यावर फोटो काढून तो काळा-पांढरा करावा. दोन्ही गुंडे सारखेच करडे दिसले तर ती जोडी टाकावी. एक गडद व एक फिका, मग कोणताही रंग चालेल. मात्र फडावर नेण्याच्या कपड्यात पांढरा घालू नये. कारण सांगण्याची गरज नाही.

रंग जाईल की राहील ह्याची परीक्षा विणण्यापूर्वी करावी. आम्ही स्वतः एकदा लाल व पांढऱ्या सुताची मुलाची टोपी विणली, आणि पहिल्याच धुण्यात ती सारी गुलाबी झाली. तेव्हापासून प्रत्येक गडद धाग्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात रात्रभर घट्ट बांधून ठेवतो. सकाळी फडक्यास डाग पडला असेल तर तो धागा फिक्या रंगाबरोबर वापरीत नाही. तसेच लागेल तेवढी लोकर एकदम घ्यावी, व कागदावरील रंगाच्या खेपेचा नंबर जुळवून घ्यावी. एकच निळा दोन खेपांत दोन तऱ्हांचा निघतो.

आता एका धोक्याविषयी. बाजारात लोकर म्हणून जे स्वस्त गुंडे मिळतात ते बहुधा मेंढीच्या केसांचे नसतात; ते ॲक्रिलिक नावाच्या कृत्रिम धाग्याचे असतात. धुण्यास सोपे, रंगाचे पक्के, अंगास मऊ. त्यांत वाईट काही नाही. परंतु विस्तवापाशी ते वितळतात, व वितळलेला धागा कातडीस चिकटतो. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ओळखण्याची रीत अशी : बोटभर धागा चिमट्यात धरून घराबाहेर पेटवावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख झाली तर ती लोकर. कडक काळा मणी झाला तर तो कृत्रिम धागा. फडावर पहाटे शेकोटी असते, कोपीपाशी चूल असते, आणि लेकरे तिला चिकटून बसतात. म्हणून अशा मुलांच्या स्वेटरास लोंबते गोंडे व झालरी लावू नयेत, बाह्या मनगटाशी घट्ट असाव्या. ह्या धाग्यावर कडक इस्त्रीही फिरवू नये. कापड कायमचे ढिले पडते. आमच्या धनगर बंधूंच्या घोंगडीची काळी लोकर अस्सल असते, पण ती खरखरीत. लेकराच्या अंगास थेट लागू देण्याजोगी नव्हे. तिचा उपयोग वरून पांघरण्यास.

त्या निळ्या स्वेटरचे काय झाले, असे वाचक विचारतील. गळ्यापासून तो उसवला. दोन रंगांचे काम उसवताना दोन्ही गुंडे दोघांनी धरावे लागतात. एकीने निळा गुंडाळला, दुसरीने पिवळा, व तिघी-चौघींनी मिळून दोन दुपारी त्यात घालविल्या. धागा वळ्यावळ्यांचा निघाला, म्हणून खुर्चीच्या पाठीभोवती लडी करून, चार जागी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगून ठेवला. मग १९२ टाके घातले, आठांच्या हिशेबाने २४ इंच. कमरेची पट्टी निळी; छातीवर चांदण्यांची एकच ओळ, व चांदण्यांच्या मध्ये एकेक पिवळा ठिपका, जेणेकरून धाग्यास चार टाक्यांहून अधिक झेप घ्यावी लागू नये. त्या ओळीच्या वर टाके पुन्हा सातांच्या हिशेबाने कमी केले, आणि गळा साध्या निळ्या विणीचा ठेवला. बाह्या पूर्वीच्याच होत्या, त्यांस हात लावला नाही.

टोळीची गाडी यावयाच्या आदल्या रात्री शेवटची शिवण झाली. मुलाने स्वेटर स्वतःच घातला व दोन्ही हात वर करून दाखविले. पिवळा धागा पुष्कळ उरला. त्यातून व थोड्या निळ्यातून वर सांगितलेल्या उचललेल्या टाक्यांची एक कानटोपी धाकटीसाठी झाली. त्यानंतरही निळ्याची लिंबाएवढी गुंडी राहिली. ती बाईंनी सुईसकट पिशवीत टाकली. फडावर कोपर विरलेच तर विरलेल्या टाक्यावर नवा टाका घालण्यास.